आघात झालेल्या मुलाला वर्गात बोलतं करावं, की तो विषयच टाळावा?

तुमच्या वर्गातल्या पाच वर्षांच्या मुलानं डोळ्यांदेखत अपघात पाहिला. तेव्हापासून तो गप्प तरी असतो, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर धावून जातो. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की सहकारी म्हणतात, "लहान आहे, विसरेल." त्या एका वाक्यामुळे मी लिहायला बसले.

विसरत नाहीत मुलं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला इथे स्कूल बस अडवून २६ मुलांना आणि ड्रायव्हरला पळवून नेलं, जमिनीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. सगळे जिवंत सुटले. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ चार वर्षांनी त्या मुलांना पुन्हा भेटल्या, तेव्हा तपासलेल्या एकूण एक मुलावर परिणाम शिल्लक होता. मुलं तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा आणतात, हेही त्यांनी नोंदवून ठेवलंय.

मी ते स्वतः पाहिलंय. माझ्या बालवर्गात एक मुलगी होती. रात्री घराला आग लागली, आजीनं तिला उचलून बाहेर आणलं. शाळेत आली की खेळण्यातली भांडी एकावर एक रचायची, त्यावर लाल ओढणी टाकायची आणि आतल्या बाहुल्या एकेक करून ओढून काढायची. शेवटची एक आतच राहायची. रोज हाच क्रम. चेहऱ्यावर खेळण्याचा आनंद नाही, ओठ घट्ट मिटलेले, दुसऱ्या मुलानं हात लावला की चावा. माझ्या जोडीच्या बाई म्हणाल्या, "ती ओढणीच काढून घ्या, म्हणजे विषय संपला." मी काढली नाही. शेजारी बसून राहिले. कधीतरी एवढंच विचारायचे, "हिला काढायला कोण येईल?" बरेच दिवस उत्तर नव्हतं. मग एकदा म्हणाली, "आजी दमलीये."

त्यानंतर एका मुलाच्या वाढदिवसाला कुणीतरी काडी पेटवली. वास आला मात्र, हिनं चड्डी ओली केली आणि शेजारच्याला फाडकन मारली. त्या बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावलं. "हिला सूट दिली तर उद्या सगळे डोक्यावर बसतील." या मुद्द्यावर आमचं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि माझं मत आजही तेच आहे. त्या क्षणी मुलाच्या मेंदूत धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, सगळा ताबा घेतो. विचार करून स्वतःला आवरणारा पुढचा भाग पाच वर्षांच्या मुलात एरवीही कच्चाच असतो. तेव्हा केलेला उपदेश आत पोचतच नाही. सॉरी म्हणायचंच आहे, पण अंगाची थरथर थांबल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, आणि चार लोकांसमोर नाही. नियम सगळ्यांना सारखेच असतात. ते पाळायला लागणारी ताकद त्या दिवशी सगळ्यांकडे सारखी नसते.

म्हणून माझं उत्तर: खोदून विचारू नका, आणि त्यानं काढलेला विषय बदलूही नका. "हो, तू पाहिलंस ते. फार घाबरला असशील," एवढं पुरतं. बोलण्यापेक्षा दिवसाचा क्रम जास्त कामाला येतो. आता काय, मग काय, न्यायला कोण येणार, हे रोज सकाळी सांगा. घंटा होण्याआधी त्याला खूण करा. दार दिसेल अशा जागी बसवा, मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका. तुमच्या मुलाच्या बाबतीत ब्रेकचा करकचून आवाज, सायरन, असल्या गोष्टींवर लक्ष ठेवा. भडका उडाल्यावर आधी काय घडलं होतं ते रोज दोन ओळींत लिहा, कारण सापडतं. आणि वर्गात त्याचं माणूस एकच ठरवा, रोज बदलू नका.

हे सगळं करूनही महिनाभरात फरक नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आधी येत असलेलं बोलणं किंवा शी-शूचं भान गेलं असेल, तर पालकांना सांगून बालमानसतज्ज्ञाकडे पाठवा. आपण शिक्षक आहोत, उपचार आपलं काम नाही. ज्या मुलाला घरातलंच कुणी मारतंय किंवा त्याच्याशी वाईट वागतंय अशी शंका येते, त्याच्यासाठी मात्र वरचं पुरणार नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, घरच्यांना आधी विचारायला जाऊ नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहा आणि शाळेत ज्याच्यावर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे त्याच्या हातात द्या.