जहाजं जवळ आली की एकमेकांकडे ओढली का जातात?

प्रश्न : भाचा नेव्हीत आहे. सुट्टीत नागपूरला आला तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता, टँकर आणि युद्धनौका बाजूबाजूनं चाललेल्या आणि मधे तेलाचा पाइप लटकतोय. म्हणे मामा, एवढं जवळ गेलं की पाणीच जहाजांना आत ओढतं. वर्धा रोडवर स्कूटीच्या बाजूनं ट्रक सुसाट गेला की आपण खेचले जातो, तसंच का हे? आणि लाटा असल्या की काय होत असेल?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : जातकुळी तीच, पण पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट जड, त्यामुळे ट्रकचा धक्का यापुढे काहीच नाही. चालत्या जहाजाच्या पुढच्या टोकाशी आणि मागे पाण्याचा दाब वाढतो आणि मधल्या भागात कमी होतो. दोन जहाजं शेजारी आली की मधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात पळतं, तिथला दाब अजून उतरतो आणि दोघंही आत सरकायला लागतात, तर पुढची टोकं उलट एकमेकांना बाहेर ढकलतात. म्हणजे पोट आत आणि तोंड बाहेर! म्हणून सुकाणूवाल्याची नजर हलत नाही, दिशा एकेक-अर्ध्या डिग्रीनं बदलत राहतात. स्पीड दुप्पट केला तर ओढ साधारण चौपट होते, आणि फार हळू गेलं तर सुकाणूच नीट ऐकत नाही, म्हणून १२ ते १५ नॉटच्या (तासाला साधारण २२ ते २८ किलोमीटर) आसपासचा मधला स्पीड धरतात.

आता लाटा, खरी मजा तिथं आहे. लाटेवर जहाज हललं की ते स्वतःही लाटा सोडतं, त्या शेजारच्यावर आपटून परत येतात आणि मधल्या फटीत अडकून पडतात, आणि लाटेची लांबी नेमकी जुळली ना तर फटीतलं पाणी बाहेरच्यापेक्षा कितीतरी उंच उसळतं. छोट्या लाटा असतील तर आडोशाच्या बाजूचं जहाज तुलनेनं शांत राहतं, पण जहाजापेक्षा लांब लाट आली तर आडोसाबिडोसा काही उरत नाही. त्यात लहान जहाज जास्त डुलतं, मोठं कमी, तेही वेगवेगळ्या वेळी, म्हणून पाइप ज्या तारेवर लटकतो ती आपोआप सैल-ताणली होईल अशी यंत्रणा असते. आपल्या दीपक आणि शक्ती या टँकरवर (दोन्ही २०११ साली नेव्हीत आले) भाच्याची ड्यूटी लागली तर त्याला हे जवळून बघायला मिळेल. जमेना झालं तर तार-पाइप सोडून लगेच बाजूला होण्याचीही प्रॅक्टिस करून घेतात, माझ्या मते या सगळ्यात तीच सगळ्यात महत्त्वाची.

प्रश्न : मग हा प्रकार फक्त खोल समुद्रातच होतो का?
– एक वाचक, सदर

उत्तर : उलट उथळ पाण्यात जास्त, कारण पाण्याला जहाजाखालून निघायला जागाच कमी. २० सप्टेंबर १९११ ला इंग्लंडच्या सोलेंट खाडीत ऑलिंपिक नावाच्या प्रचंड प्रवासी जहाजावर हॉक ही तिच्यापेक्षा खूप लहान युद्धनौका जाऊन आदळली, नौदलाचं म्हणणं की ऑलिंपिकनंच ओढून घेतलं, आणि कोर्टानं दोषही ऑलिंपिककडेच दिला. पुढच्याच वर्षी १० एप्रिलला साउदॅम्प्टनहून टायटॅनिक निघालं तर त्याच्या ओढीनं बांधलेल्या न्यूयॉर्क जहाजाचे दोरच तुटले आणि ते टायटॅनिककडे वळलं, व्हल्कन नावाच्या टगनं (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) धरून ठेवलं म्हणून टक्कर अगदी थोडक्यात टळली. बंदरात बांधलेल्या जहाजाजवळून जाताना स्पीड कमी ठेवायला लावतात तो यासाठीच.