खाण्याची रोजची नोंद वर्षानुवर्षं कशी टिकवायची? मी चार महिन्यांत कंटाळलो

तुम्ही लिहिलंय की चार महिने अ‍ॅपमध्ये सगळं टाकून ७ किलो उतरवलं, गणपतीत नोंद सुटली ती सुटलीच, आणि आता ४ किलो परत आलंय. शेवटी एक वाक्य जोडलंय: ‘तसंही आपलं घरचं जेवण मोजता येत नाही.’ तुमचा प्रश्न राहिला बाजूला, मला हे वाक्यच टोचलं. कित्येक वर्षं हे ऐकतोय, आणि ऐकवणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा चिवड्याची वाटी असते. तेव्हा आधी त्याचा निकाल लावू.

उदाहरणाला मुद्दाम अवघड पदार्थ घेतो, भरली वांगी. चौघांची भाजी. वांगी ५०० ग्रॅम म्हणजे साधारण १२५ कॅलरी. कांदा १५० ग्रॅम, ६५. दाण्याचं कूट ५० ग्रॅम, २८०. सुकं खोबरं १५ ग्रॅम, १००. गूळ १० ग्रॅम, ३८. तेल ४० ग्रॅम, ३६०. मसाल्याचे सोडून द्या. बेरीज झाली ९६८. आता कढई भाजीसकट तोला आणि रिकाम्या कढईचं वजन वजा करा. समजा ६९० ग्रॅम भाजी उरली. म्हणजे १०० ग्रॅमला १४०. ताटात १३० ग्रॅम वाढून घेतली तर १८२ कॅलरी. झालं मोजून.

यातली खरी गंमत बघा. ९६८ पैकी ७४० कॅलरी तेल, कूट आणि खोबरं या तिघांच्या आहेत. वांगी शंभर ग्रॅम इकडची तिकडे झाली तर अख्ख्या कढईत २५ कॅलरींचा फरक. तेल मात्र ‘अंदाजे दोन पळ्या’ म्हणून ४० चं ६० ग्रॅम झालं की १८० वाढल्या. म्हणून काकडी, पालक, दुधी, टोमॅटो यांची वजनं करत बसू नका. लोक नोंद सोडतात ती याच फालतू कामाला कंटाळून. काटा लागतो तो फक्त तेल-तूप, दाणे-खोबरं-सुकामेवा, साखर-गूळ आणि कोरडं धान्य-डाळ यांना.

एक अडचण मात्र खरी आहे. शिजल्यावर तेल वर येतं. कट घेणारा आणि तळाची फोड घेणारा एकाच वजनाची पण वेगवेगळ्या कॅलरींची भाजी खातात. वाढण्याआधी कढई नीट हलवा आणि त्यापुढे डोकं लावू नका.

काट्याबद्दल, कारण अर्धी भांडणं तिथेच होतात. साधा ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. त्याची खोड अशी की वर ठेवलेल्या वाटीत तेलाची बारीक धार सोडली तर तो आकडाच हलवत नाही. बरेच काटे स्वतःचं शून्य आपोआप सांभाळत असतात, हळूहळू पडणाऱ्या दोन-तीन ग्रॅमला ते ‘शून्य सरकलं’ समजतात आणि गिळून टाकतात. उपाय उलटा आहे. तेलाची किटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, उचलून कढईत तेल ओता, परत ठेवा. काटा उणे १२ दाखवेल. तेवढं तेल गेलं. तूप, साखर, कूट सगळ्याला हीच रीत, डबा उणे होऊ द्यायचा. चमचे-वाट्या खरकट्या होत नाहीत आणि फोडणी जळायच्या आत काम होतं. गरम कढई काट्यावर थेट ठेवू नका, आकडा भरकटतो. खाली लाकडी पाट ठेवून मग शून्य करा. काट्यावर संशय आला तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ते चुकलं तर आधी सेल बदला.

रिकाम्या पातेल्यांची आणि कढयांची वजनं एकदाच करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रोज भाजी दुसऱ्या भांड्यात काढून कढई तोलणारा माणूस आठवड्याभरात हे प्रकरण सोडतो.

पोळीचं त्याहून सोपं. परातीत ३०० ग्रॅम पीठ घेतलं आणि १२ पोळ्या झाल्या तर पोळीला २५ ग्रॅम पीठ, म्हणजे ८५ कॅलरी. घडीतलं आणि वरून लावलेलं तेल ३ ग्रॅम धरलं तर आणखी २७. कणकेचा गोळा तोलायची गरज नाही. भाकरीच्या बाबतीत मात्र लोक स्वतःला फसवतात. ‘मी पोळी सोडली, एक भाकरीच खातो.’ थापलेली मोठी भाकरी ७० ग्रॅम पिठाची असते, २३५ कॅलरी, जवळपास पावणेतीन कोरड्या पोळ्या. भाकरी चांगली आहे, खुशाल खा. हलकी आहे म्हणून नोंदवू नका एवढंच.

आणि वाटी. तक्त्यात ‘१ वाटी वरण’ लिहून देणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. कुठली वाटी? एकाच घरात १०० मिलीची आमटीची वाटी असते आणि २०० मिलीची खिरीची. वरण घट्ट की पातळ? ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत १०० कॅलरी असतात, त्यात तुम्ही पाणी पेलाभर घाला नाहीतर तांब्याभर. कुकरला किती डाळ लावली आणि किती जण जेवले एवढंच लिहा. भातालाही तेच. भातात आणखी एक खड्डा आहे: १०० ग्रॅम तांदळाचा भात २५० ते ३०० ग्रॅम होतो. अ‍ॅपमध्ये १५० ग्रॅम शिजलेला भात चुकून कच्च्या तांदळाच्या ओळीत टाकला की १९५ च्या जागी ५३० दिसतात, आणि माणूस उगाच रात्री उपाशी झोपतो.

कुठलं अ‍ॅप हेही विचारलंय. कुठलंही. फक्त त्यातल्या तयार ‘होममेड सब्जी, १ बाऊल’ वगैरे नोंदींवर विश्वास ठेवू नका, त्या कुणीही भरलेल्या असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय पदार्थांचे तक्ते काढलेत, कच्च्या मालाचे आकडे तिथून घ्या. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, कॅलरीसाठी ४.१८ ने भागा. बहुतेक घरांत फिरून फिरून पंचवीस-तीसच पदार्थ होतात. दोन रविवार बसून ते एकदा स्वतःच्या मापानं भरून ठेवले की पुढे रोजचं काम नाव निवडायचं.

स्वयंपाक तुमच्या हातात नसेल, आणि ‘अन्न मोजू नये’ म्हणणारं कुणी ओट्यापाशी उभं असेल, तर काटा काढूच नका. तेलाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाका. १ लिटर तेल ९१० ग्रॅम भरतं. चौघांच्या घरात महिन्याला ३ लिटर संपत असेल तर माणशी रोज सुमारे २३ ग्रॅम, म्हणजे २०५ कॅलरी. हा आकडा रोज सकाळीच एका ओळीत टाकून द्यायचा आणि भाज्या बिनतेलाच्या धरायच्या. कुणाला पत्ता लागत नाही. तळणीचं उरलेलं तेल आमटी-भाजीत वापरून संपवत असाल तर तेही यातच आलं, टाकून देत असाल तर तेवढं वजा करा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. नोंद सुटली ती कंटाळ्यानं सुटली असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते ती खोट्या अचूकतेपायी सुटली. आकडा बरोबर असायला हवा हा हट्टच चुकीचा आहे. चूक चालते, पण रोज तीच चूक हवी. कसं ते हिशेबानं सांगतो. २८ दिवस लिहा. समजा तुमच्या नोंदीची सरासरी १७५० आली आणि आठवड्याचं सरासरी वजन ७४.२ चं ७४.८ झालं. एक किलो चरबीला ढोबळमानानं ७७०० कॅलरी धरतात. ०.६ गुणिले ७७०० म्हणजे ४६२०, भागिले २८, रोजच्या १६५ जास्त. म्हणजे वजन जिथल्या तिथे राहायला तुमच्या वहीतल्या १५८५ हव्यात. प्रत्यक्षात त्या १८५० असतील, काय बिघडलं? तुमची पळी, तुमचा अंदाज, तुमचं विसरणं, सगळं त्या आकड्यात मुरलेलं आहे. वय-उंची-वजन टाकून रोजची गरज सांगणारं सूत्र पहिल्या महिन्यापुरतं ठीक, नंतर ते फेकून द्या. घड्याळ दाखवतं त्या व्यायामाच्या कॅलरी वर मिळवू नका, तुमचं चालणं या हिशेबात आधीच आलंय.

हा हिशेब मोडतो फक्त एका गोष्टीनं: कोऱ्या दिवसांनी. कारण कोरे दिवस साधे नसतात. लग्न, हॉटेल, सणवार, रविवारची मिसळ, नेमके तेच कोरे राहतात आणि सरासरी साळसूद दिसते. ‘मी इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांची एक तपासणी १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली होती. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी निघालं. त्यांना खोटारडे म्हणायचं कारण नाही. येता-जाता तोंडात टाकलेले मूठभर शेंगदाणे ३० ग्रॅम भरतात, १७० कॅलरी, आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. चारदा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि ५० मिली फुल क्रीम दूध, हे झाले ३४०. म्हणून तोंडात टाकण्याआधी लिहायचं. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत शेंगदाणे कधीच नसतात.

गणपतीत काय करायचं होतं? मध्यम उकडीचा मोदक २० ग्रॅम पिठी, १५ ग्रॅम ओलं खोबरं, १० ग्रॅम गूळ धरला तर १६० च्या आसपास, वर चमचाभर तूप आणखी ४०. पाच मोदक, १०००. एवढंच लिहून पुढे जायचं. पंगतीला अमुक किती, तमुक किती असं काही नाही, ‘लग्न, १३००’ अशी एक ओळ पुरते. स्वतःसाठी एक ठोक आकडा ठरवा आणि दर लग्नाला तोच टाका. दिवस वाईट गेला म्हणून कोरा ठेवायचा नाही, हा एकच नियम मी कडक मानतो. दुसऱ्या दिवशी काट्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल. मीठ, साठलेलं पाणी आणि पोटातलं अन्न, बाकी काही नाही. त्या दिवशी उपास धरू नका. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, आणि बघायची ती फक्त सात दिवसांची सरासरी. बायकांनी पाळीमुळे या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी.

वेळेची तक्रार फारशी टिकत नाही. २०१९ च्या एका अमेरिकी पाहणीत लोकांना नोंदीला पहिल्या महिन्यात दिवसाला २३ मिनिटं लागायची, सहाव्या महिन्यात १५ च्या आत. आणि ज्यांचं वजन जास्त उतरलं ते जास्त वेळ घालवणारे नव्हते, दिवसातून जास्त वेळा लिहिणारे होते.

आयुष्यभर पूर्ण नोंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. वजन हवं तिथे आलं की वहीत दोन किलोंची पट्टी आखा, समजा ६९ ते ७१. सरासरी पट्टीत आहे तोवर अर्धी नोंद: तेल-तूप, दाणे-फरसाण, गोड आणि बाहेरचं खाणं, चारच ओळी. सरासरीनं ७१ ओलांडलं की त्याच सोमवारपासून तीन आठवडे पूर्ण नोंद. ७३ व्हायची वाट बघायची नाही. तुमचं चुकलं ते इथे. ४ किलो येईपर्यंत काटा पलंगाखाली होता, हे तुम्हीच लिहिलंय. आणि बारीक झालेल्या शरीराला जुन्यापेक्षा कमी लागतं, तेव्हा उतरल्यावर २८ दिवसांचा हिशेब नव्यानं करावा लागतो. जुन्या आकड्यावर परत गेलं की वजनही जुन्यावर जातं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि वाढत्या मुलांसाठी हा उद्योग नको. आकड्यांचाच ध्यास लागतो, न मोजलेला घास घशाखाली उतरत नाही, जेवणाची आमंत्रणं टाळली जातात असं काही जाणवलं तर नोंद बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

आणि ते चिवड्याचं. पातळ पोह्यांचा, दाणे-खोबरं घातलेला घरचा चिवडा ३० ग्रॅमला दीडशेच्या आसपास जातो. डबा उणे करून बघा, तुमची वाटी बहुतेक साठ ग्रॅमची निघेल.