पोकळ शिल्पाला आतून काठीचा आधार द्यावा का?

बसलेल्या बाईचं मातीचं दीड फुटी पोकळ शिल्प वर चढवताना पोट आणि खांदे खचतात, आणि आत काठी उभी केली तर वाळताना कमरेत आडवा तडा जातो, मग आधार द्यायचा तरी कसा, असं तुम्ही विचारलंय.

तडा त्या काठीमुळेच जातो. माती वाळताना साधारण 5 ते 8 टक्के आकसते, म्हणजे दीड फुटाचं शिल्प इंचभर खाली बसणार. काठी मात्र तेवढीच राहते. खांदे तिच्यावर टेकून अडकतात, खालची माती खाली ओढते आणि कमकुवत जागी फाटते. म्हणून माझ्या मते नियम एकच: आधार मातीबरोबर आकसणारा हवा, दबणारा हवा किंवा वेळेवर काढता येणारा हवा. काठी, पाइप, तार ठेवायचीच असेल तर वर जागा सोडून, भोवती कागद गुंडाळून ठेवा आणि माती घट्ट होताच ओढून काढा.

सगळ्यात भरवशाचा आधार त्याच मातीचा. पोटाच्या आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पातळ पडदे घाला, हवा खेळायला त्यांना भोकं ठेवा. ते शिल्पाबरोबरच आकसतात आणि कायमचे आत राहतात. बाहेर काढलेला हात, हनुवटी, पुढे आलेला गुडघा यांना खालून त्याच ओल्या मातीचे धिरे लावा, मध्ये कागदाचा तुकडा ठेवला की चिकटत नाहीत. पोकळीत वर्तमानपत्राचे सैलसर बोळे भरले तरी चालतात. ठासून मात्र भरू नका, नाहीतर तेही काठीसारखेच आडवे येतात.

पण निम्मा आधार घाई न करण्यातच असतो. भिंत सेंटीमीटरभर ते दीड सेंटीमीटर जाडीची ठेवा, चार-पाच इंच चढवा आणि थांबा. खालचा भाग बोटाने दाबला तर दबत नाही पण नखाने कोरता येतो, इतका घट्ट झाला की मातीच्या पुढच्या वळ्या (हाताने वळलेल्या लांब गोल पट्ट्या) चढवा. तोवर वरची कड ओल्या फडक्याखाली हवी. सांधताना दोन्ही बाजू खरवडून मध्ये त्याच मातीचा पातळ चिखल लावा. बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातले पांचमुडाचे कुंभार आपले प्रसिद्ध घोडे असेच करतात: पाय, मान, धड चाकावर वेगवेगळे पोकळ काढायचे, जरा घट्ट झाले की जोडायचे. ओली मान ओल्या धडावर बसवली तर ती टिकणारच नाही.

वाळवताना शिल्पाखाली बारीक रेतीचा थर आणि त्यावर कागद हवा, म्हणजे बूड आकसताना सरकतं. थेट फळीवर ठेवलं तर ते चिकटून बुडाशी भेगा पडतात. बोटं, कान, नाक आधी वाळतात, त्यांना प्लास्टिक गुंडाळा. पंखा आणि ऊन दोन्ही टाळा.

बंद पोकळीला बुडाशी भोक असू द्या. भाजताना हाताखालचे मातीचे धिरे तसेच राहू द्या, फक्त तेही आतपर्यंत वाळलेले हवेत. पाण्याची वाफ 100 अंशांच्या आसपास होते. माती आत ओली असेल तर ती तिथेच फुटते, म्हणून सुरुवातीची आच फार हळू वाढवा. आतले कागदाचे बोळे भट्टीत जळून जातात, पण धूर बराच होतो. भट्टी घरात असेल तर हात पोचेल तेवढे आधीच काढून घ्या.