महाराष्ट्रात संस्था किती? आधी नोंदणी क्रमांकातलं अक्षर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रात ४.८ लाख एनजीओ आहेत असं वाचलं, म्हणजे अडीचशे माणसांमागे जवळपास एक. मग काम कुठे दिसतं? यातल्या बहुतेक बोगसच ना? आणि आपल्या तालुक्यात खरोखर किती आहेत, हे कुठे कळेल?

संस्थांचे हिशेब लिहिणं आणि धर्मादाय कार्यालयात कागद घेऊन जाणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तो आकडा हवेतला नाही. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं २००९ च्या सुमारास देशभरातल्या ना-नफा संस्थांची नोंदवह्यांवरून मोजदाद केली, त्यातला तो आहे. महाराष्ट्र पहिला, त्याखालोखाल तेव्हाचा अखंड आंध्र आणि उत्तर प्रदेश. पण पुढच्या टप्प्यात माणसं प्रत्यक्ष पत्त्यांवर गेली. देशभरात ३१ लाखांवर नोंदी होत्या, त्यातल्या सुमारे २२ लाख पत्त्यांवर चौकशी झाली आणि सापडल्या जेमतेम ७ लाख संस्था. हा दुसरा आकडा मात्र कुणी शेअर करत नाही.

न सापडलेल्या सगळ्या बोगस, असा निष्कर्ष काढू नका. नोंदवहीत नाव चढतं ते सहज, उतरत नाही. संस्था काढायला सात माणसं, घटना (म्हणजे संस्थेची नियमावली) आणि सातांच्या सह्या लागतात. बंद करायला मात्र ठराव, अर्ज, मालमत्तेचा हिशेब, तारखा. एवढा खटाटोप करणार कोण? मंडळी वयस्कर होतात, पांगतात, नाव तसंच राहतं. २०१७-१८ च्या सुमारास हिशेब वर्षानुवर्षे न भरणाऱ्या न्यासांची (म्हणजे ट्रस्टची) नोंदणी रद्द करायची मोठी मोहीम झाली, त्यामुळे तो जुना आकडा आता तसाही शिळा आहे.

त्यात आपल्याकडची खास भानगड म्हणजे दुहेरी नोंदणी. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवली जाते, आणि महाराष्ट्रात तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही न्यास म्हणून नोंदवावं लागतं. म्हणून कुठल्याही संस्थेच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात: एक ‘महाराष्ट्र/अमुक/२००४/पुणे’ असा आणि दुसरा ‘एफ-अमुक/पुणे’ असा. दोन्ही वह्यांची आंधळी बेरीज केली की तीच संस्था दोनदा मोजली जाते.

आता या दुसऱ्या क्रमांकातल्या अक्षराकडे या. ते एक अक्षर पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो. ‘ए’ म्हणजे हिंदू धार्मिक न्यास, ‘बी’ मुस्लिम (त्यातले वक्फ आता वक्फ मंडळाकडे), ‘सी’ पारशी, ‘डी’ ख्रिस्ती व इतर धर्मीय. ‘ई’ म्हणजे इतर धर्मादाय न्यास आणि ‘एफ’ म्हणजे १८६० च्या कायद्याची संस्था. तुमच्या डोक्यात ‘एनजीओ’ म्हणून जे चित्र आहे, ते सापडलं तर ई आणि एफ मध्ये सापडेल. ए मध्ये ग्रामदैवतं आहेत, मठ आहेत, दत्ताची देवळं आहेत, सप्त्याची मंडळं आहेत. ती कुणी एनजीओ म्हणून काढलेली नव्हती आणि तसा त्यांचा दावाही नाही.

अशा एखाद्या देवस्थानची फाइल उघडून पाहा. शेड्यूल वनचा (न्यासाच्या सरकारी नोंदीचा) उतारा काढला तर विश्वस्तांच्या रकान्यात पाच पंच, त्यातले तिघे केव्हाच वारलेले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो कुणी दिलेला नाही. दरवर्षी जत्रा होते, पालखी निघते, वर्गणी गोळा होते, महाप्रसादाला पंचक्रोशी जेवते. गावाच्या हिशेबी सगळं सुरळीत चाललेलं असतं. अडतं ते बँकेत, कारण सही कुणाची चालणार हे ठरत नाही. मग नातवाच्या पिढीतलं कुणीतरी मृत्यूचे दाखले जमवत हिंडतं, आणि नेमके तेव्हाच गावात दोन गट असल्याचं कळतं. दोन्ही गट आपापली यादी घेऊन चेंज रिपोर्ट दाखल करतात. कागदावर हा न्यास मेलेला, प्रत्यक्षात गावातला सर्वांत जिवंत व्यवहार. याच्या बरोबर उलटे नमुने एफ मध्ये भेटतात: ऑडिट रिपोर्ट वेळेवर, ठराव टाइप केलेले, आणि काम शून्य.

शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर ही मोठी देवस्थानं मात्र स्वतंत्र कायद्यांनी चालतात (अनुक्रमे २००४, १९८० आणि १९७३ चे). त्यांच्या उलाढालीवरून बाकीच्या देवळांचा अंदाज बांधू नये. बहुसंख्य देवस्थानांची वर्षाची जमा म्हणजे दानपेटी आणि इनाम जमिनीचा खंड, तोही वसूल झाला तर.

एफ मध्ये तर अख्खा महाराष्ट्र सापडतो. तालमी, नाट्यमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, ज्ञातीची मंडळं आणि त्यांचे वधूवर मेळावे, गोशाळा, वाचनालयं. कोकणातल्या एकेका गावाची दोन-दोन मंडळं असतात, एक गावात आणि एक मुंबईत. मुंबईचं मंडळ लालबाग-परळच्या एखाद्या खोलीच्या पत्त्यावर नोंदवलेलं असतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या खोलीत गावचे गाळेकरी राहायचे आणि गावच्या शाळेचं छप्पर, देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडीची (दगडी पायवाटेची) दुरुस्ती यांचा पैसा तिथेच जमायचा. आज अशा पत्त्यावर टॉवर उभा असतो. सरकारी माणूस शोधायला गेला तर त्याला काय सापडणार? पण मंडळाची माणसं विरार-डोंबिवलीला आहेत आणि शिमग्याला पैसे अजून जातात.

वाचनालयांचं गणित वेगळं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान हवं तर संस्था नोंदलेली लागते. राज्यात अशी अनुदानित ग्रंथालयं ११-१२ हजारांच्या आसपास आहेत, अ-ब-क-ड वर्गांत. म्हणजे तुमच्या आकड्यातले काही हजार तर इथेच गेले. त्यात रत्नागिरीचं १८२८ चं नगर वाचनालय आहे आणि ग्रामपंचायतीच्या एका खोलीत दोन कपाटांवर चालणारी ड वर्गाची वाचनालयंही आहेत. ग्रंथपालाला मिळणारी रक्कम सांगायचीही लाज वाटावी अशी.

मग येतात ‘बहुउद्देशीय’ संस्था. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याची यादी काढा, ‘अमुक बहुउद्देशीय ग्रामीण विकास संस्था’ या धर्तीची नावं रांगेनं येतील. घटनेत बालवाडीपासून पाणलोटापर्यंत आणि एड्सजागृतीपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत सगळे उद्देश, कारण उद्या कुठली योजना येईल कुणी सांगावं, उद्देशात नसेल तर प्रस्तावच बाद. सातांपैकी चार जण एका घरातले. यांतल्या पुष्कळ संस्था योजनेच्या आशेवर निघाल्या आणि योजना न मिळाल्यानं तशाच पडून राहिल्या. बोगस म्हणण्यापेक्षा त्या कधी सुरूच झाल्या नाहीत असं म्हणणं रास्त. पैसा उचलून काम न करणाऱ्याही आहेत, पण पैसा उचलायला आधी तो मिळावा लागतो, आणि बहुतेकांना तो कधी मिळालाच नाही.

शिक्षणात उलटा प्रकार. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत, पण यादीत ती एकच संस्था. पंजाबराव देशमुखांची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था (१९३२) किंवा नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४) यांचंही तेच. आणि १९८३ नंतरची विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजंसुद्धा कागदावर ना-नफाच आहेत बरं का. नफा वाटून घ्यायचा नाही, एवढंच कायदा म्हणतो. संस्थाचालकाच्या दारात गाड्या किती असाव्यात याबद्दल तो काही बोलत नाही.

रुग्णालयांबद्दल एक उपयोगाची गोष्ट, विषयाला थोडी बाजूची असली तरी. धर्मादाय म्हणून नोंदलेली मोठी रुग्णालयं राज्यात चारशेहून अधिक आहेत. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दाराशी पाटी खाजगीसारखी चकचकीत असली तरी नोंदणी बघा आणि समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. ही विचारणा बिल झाल्यावर नाही, दाखल होतानाच करायची.

मोजणीत न येणारा भागही लहान नाही. पुण्यातली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत (१९९३) ही कचरावेचकांची कामगार संघटना, तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. दोन्ही वेगळ्या कायद्यांखाली, म्हणून न्यासांच्या यादीत नाहीत. महिला बचत गटांची तर न्यास म्हणून नोंदणीच नसते. बरीचशी गणेश मंडळं फक्त उत्सवापुरती, कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी काढतात आणि विसर्जनानंतर कागदावरून नाहीशी होतात. ‘काम दिसत नाही’ म्हणताना तुम्ही जे काम पाहत असता, त्यातलं बरंचसं या यादीबाहेरच्या मंडळींचं असतं.

भूगोलाचं म्हणाल, तर जुन्या संस्था पुण्यात दाट आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४, कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६, गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५, सेवासदन १९०९, हे सगळं पंचवीस वर्षांत एका शहरात उभं राहिलं. मुंबईत पैसा देणारे मोठे न्यास. आणि ज्यांची नावं जगात घेतली जातात त्या बऱ्याच संस्था आडवळणी आहेत: वरोऱ्याची महारोगी सेवा समिती (१९४९), आरोळे दांपत्याचा जामखेडचा आरोग्य प्रकल्प (१९७०), हेमलकशाची लोकबिरादरी (१९७३, तेव्हा गडचिरोली जिल्हा झालाही नव्हता), बंग दांपत्याची गडचिरोलीतली आरोग्यसंस्था ‘सर्च’ (१९८६). या नावांवरून मात्र त्या-त्या जिल्ह्यात संस्थांची रेलचेल आहे असं समजू नका. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर कितीतरी संस्था आल्या, काही रुजल्या, बऱ्याच पुनर्वसनाचा निधी संपताच परतल्या. आता सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसाही कंपन्यांच्या आसपासच, म्हणजे मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात जास्त फिरतो. नंदुरबार, वाशिमच्या छोट्या संस्थेकडे आयकर सवलतीचे १२ए आणि ८०जी, सीएसआर निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१, नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक ही सगळी कागदपत्रं सांभाळायला पगारी माणूसच नसतो. काम करणारा कार्यकर्ता दिवसा पाड्यावर आणि रात्री पोर्टलवर.

तालुक्याच्या यादीबद्दल. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर न्यासाच्या नावानं शोध घेता येतो, पण तालुकावार स्वच्छ यादीची अपेक्षा ठेवू नका. पत्ते जुने, एकाच गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करा आणि ‘सर्व एनजीओ’ असं मोघम मागू नका. ई आणि एफ क्रमांकाचे, तालुक्यातला पत्ता असलेले, आणि गेल्या तीन वर्षांत हिशेबपत्रकं दाखल केलेले न्यास असं नेमकं मागा. माहिती त्या स्वरूपात ठेवलेली नाही असं उत्तर आलं, तर नोंदवही पाहण्यासाठी निरीक्षणाची वेळ मागून घ्या. शिवाय जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडून वाचनालयांची आणि शिक्षणाधिकाऱ्याकडून शाळा चालवणाऱ्या संस्थांची यादी वेगळी घ्या. त्या दोन याद्या एफ मधून वजा केल्यात की उरलेली नावं फोन करून विचारण्याइतकी आटोक्यात येतील.