परवाना मिळाला, आता रिव्हॉल्व्हर पँटच्या खिशात ठेवू का?

प्रश्न: कागलजवळ माझा पेट्रोल पंप आहे. रोजची रोकड बँकेत भरायला मी किंवा माझा 24 वर्षांचा मुलगा दुचाकीवरून जातो. मध्यंतरी आमचा पाठलाग झाला, म्हणून अर्ज केला आणि आता रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला आहे. त्यावर क्षेत्र ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलं आहे. वडिलांची बारा बोअरची बंदूक आधीपासून माझ्या नावावर आहे. मला अगदी हलकं, पँटच्या खिशात कुणाला दिसणार नाही असं रिव्हॉल्व्हर हवं आहे. निपाणीचा एक मित्र त्याचं जुनं विदेशी छोटं रिव्हॉल्व्हर द्यायला तयार आहे. ते घ्यावं का? आणि मी नसेन त्या दिवशी मुलाने ते जवळ ठेवलं तर चालेल का?

उत्तर: तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण खरा धोका तिथे आहे. मुलाला ते देऊ नका. एका दिवसासाठीही नाही. परवाना तुमच्या नावावर आणि हत्यार त्याच्या कमरेला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणारा ठरतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 3 मध्ये एक सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाने स्वतः वापरण्यासाठी. मुलगा एकटा बँकेत चालला आहे आणि स्वतःच्या रक्षणासाठी हत्यार नेतो आहे, हे यात कुठेच बसत नाही. स्टॅम्पपेपरवर अधिकारपत्र करून दिलंत तरी बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान 2 वर्षं आणि कमाल 5 वर्षं कैद आहे, वर दंड. हत्यार देणारे म्हणून तुम्हीही अडचणीत याल आणि परवाना रद्द होऊ शकेल तो वेगळाच. 24 वर्षांच्या मुलाच्या आयुष्यावर हा डाग लागू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याचं वय 21 च्या पुढे आहे, तेव्हा त्याने स्वतःचा अर्ज करावा. तोपर्यंत तुम्ही नसाल त्या दिवशी भरणा पुढे ढकला, किंवा पंपावर येऊन रोकड नेण्याची सोय तुमच्या बँकेकडे आहे का ते विचारा.

आता खिशाकडे वळू. हत्यार लोकांना दिसू नये हा तुमचा विचार योग्यच आहे आणि कायद्यालाही तेच हवं आहे. शस्त्र नियम, 2016 मधला नियम 32 सांगतो की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचं तर ते त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात हवं, नाहीतर पाठीवरच्या किंवा तशा बॅगेत हवं. ते पूर्ण झाकलेलं असावं आणि त्यावर तुमचा ताबा राहावा. म्हणजे लपवणं चालतं, पण पँटच्या खिशात किल्ल्या, मोबाइल आणि सुट्ट्या पैशांबरोबर मोकळं टाकलेलं चालत नाही. नियम बाजूला ठेवला तरी दुचाकीवर बसताना खिशाचं काय होतं ते बघा. मांडी वर येते, कापड ताणलं जातं, हत्यार तोंडाशी सरकतं आणि खड्डा आला की रस्त्यावर. किल्लीची रिंग चापात अडकली तर गोळी तुमच्याच मांडीत. परवान्याच्या अटीचा भंग झाला की शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलम 17 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. चाप पूर्ण झाकणारं, त्या मॉडेलच्या मापाचं होल्स्टर घ्या, पट्ट्याला लावा आणि वर सैल शर्ट घाला. खिशापेक्षा ते कमी दिसतं, हे वापरल्यावर कळेल.

हलकं कोणतं, हे विचारलंत. भारतीय बनावटीत कानपूरचं ‘निर्भीक’ 2014 साली आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) आणि साधारण 500 ग्रॅमचं. 2023 चं ‘प्रबळ’ही .32 बोअरचंच, पण 700 ग्रॅमच्या आसपास. .22 बोअरचं ‘निडर’ तर 250 ग्रॅमच्या घरात आहे. पण निव्वळ वजनावर जाऊ नका. हत्यार जितकं हलकं तितका त्याच काडतुसाचा झटका हाताला जास्त बसतो आणि आखूड नळीने नेम धरायला सराव जास्त लागतो. न्यायालयात पुढे कधी प्रश्न आलाच तर तुमची गोळी कुठे गेली आणि वाटेत कोण उभं होतं, हेही बघितलं जाईल. मी तुमच्या जागी असतो तर मिळेल त्यात सर्वांत हलकं न घेता, ज्याचा चाप आपल्या बोटाला नीट ओढता येतो आणि ज्यावर मान्यताप्राप्त रेंजवर सराव करता येईल असं .32 घेतलं असतं. परवान्यावर बोअर लिहिलेला असेल तर तो ओलांडता येत नाही, हे दुकानात जाण्याआधी बघून घ्या.

मित्राच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मी तुम्हाला सावध करतो. त्याचा परवाना चालू आहे का आणि त्या हत्याराचा क्रमांक त्या परवान्यावर आहे का, हे पहिलं. नसेल तर ते हातातही घेऊ नका. असेल तरी कलम 5 प्रमाणे त्याने विक्रीचा इरादा आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान 45 दिवस जावे लागतात. हातोहात व्यवहार झाला तर तो दोघांचाही गुन्हा. दुसरी अडचण सीमेची. निपाणी कर्नाटकात आहे आणि तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता. कागल सोडून दहा मिनिटांत तुम्ही त्याच्या क्षेत्राबाहेर असता. ते रिव्हॉल्व्हर घेऊन येताना नाक्यावर गाडी तपासली गेली, तर ‘परवाना आहे साहेब’ हे उत्तर तिथे पुरणार नाही. दोन्ही जिल्ह्यांची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय ते हलवू नका. हाच नियम पुढेही लक्षात ठेवा, कारण लग्नकार्याला निपाणीला जाताना सवयीने कमरेला राहिलेलं हत्यार माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावतं. एका व्यक्तीला आता दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. वडिलांची बंदूक एक, हे दुसरं. मित्राचं जुनं घेतलंत तर नव्याला जागा उरणार नाही. सुट्या भागांची खात्री नसलेलं विदेशी हत्यार घेऊन ती जागा अडवावी, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळ परवानाधारकांना ठाऊक नसते. सणासुदीला, मोर्चा-आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आदेश निघतात. सोटे, तलवारी, भाले, बंदुका घेऊन फिरू नये, अशी ती यादी असते. त्या दिवसांत परवानाधारकाला सूट आहे का, हे आदेश वाचून किंवा पोलीस ठाण्यात विचारून ठरवा, अंदाजाने नाही. निवडणुकीत हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर जमा करून पोच घ्या. तुमच्या बाबतीत ती अन्यायाची वाटत असेल तर कोणाची हत्यारं जमा करायची हे ठरवणाऱ्या पडताळणी समितीकडे लेखी कारण द्या, रोकडीचं कारण तिथे ऐकून घेतलं जाऊ शकतं.

शेवटी, ते चालवायची वेळ आली तर. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 खासगी संरक्षणाचा हक्क देतात. जबरी चोरी करणारा कोयता उगारून अंगावर आला, जिवाची किंवा जबर दुखापतीची खरी भीती असली, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. पण बॅग हिसकावून तो मोटारसायकलवर पाठमोरा पळत असताना झाडलेली गोळी संरक्षणाची राहत नाही. पैसे परत मिळतील, विमा असेल तर भरपाई होईल, खुनाचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो. धाक दाखवायला हवेत गोळी झाडणं किंवा हत्यार नुसतं बाहेर काढून दाखवणंही टाळा. निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांना धोका निर्माण केला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 25 मध्ये 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे. गोळी झाडली गेलीच तर जखमीसाठी आणि पोलिसांसाठी लगेच 112 वर फोन करा, रिकामी काडतुसं उचलू नका, जागा सोडू नका आणि हत्यार पोलिसांच्या स्वाधीन करून त्याची पावती मागा.