खोगीरभरती मोजू नका

प्रश्न : आमच्या प्रदेशातल्या संशोधन नियतकालिकांचा सायटेशन डेटाबेस (कोणत्या निबंधाने कोणाचा संदर्भ दिला याची नोंदवही) आपली उद्दिष्टं कितपत पुरी करतो, हे पाहणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली आहे. मी मृदाशास्त्र शिकवतो, ग्रंथालयशास्त्रातलं मला काही कळत नाही. संचालकांच्या अहवालात नियतकालिकांची संख्या, निबंधांची संख्या आणि चढते आलेख आहेत. मी नेमकं काय तपासू?

उत्तर : अहवाल बाजूला ठेवा आणि डेटाबेस सुरू करतानाचा मूळ ठराव मागवा. उद्दिष्टं त्यात असतात, आलेखांत नसतात. आणि ती सगळीकडे सारखी नसतात. ब्राझीलमध्ये १९९७ साली १० नियतकालिकं घेऊन सायलो हे संशोधन नियतकालिकांचं ऑनलाइन भांडार सुरू झालं, ते तिथलं संशोधन जगाला मोफत वाचता यावं म्हणून. रशियात २००५ पासून उभ्या राहिलेल्या सायटेशन निर्देशांकाचा, म्हणजे अशाच डेटाबेसचा, भर देशातल्या संशोधकांचं काम मोजण्यावर. एकाला वाचकांवरून जोखावं लागेल, दुसऱ्याला नोंदींच्या अचूकपणावरून.

तुमच्या ठरावात बहुधा ‘जागतिक निर्देशांकांत न दिसणारं संशोधन दिसावं’ अशा अर्थाचं वाक्य असेल. मग परीक्षा सोपी आहे, फक्त कंटाळवाणी आहे. तुमच्याच विषयातले चाळीस निबंध घ्या. प्रत्येकाची संदर्भसूची छापील पानावरून वाचा, त्यातल्या स्थानिक नियतकालिकांच्या संदर्भांवर पेन्सिलीने खूण करा, आणि डेटाबेसने त्यातले किती पकडले ते पाहा. जे पकडले, त्यातले किती स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या जागतिक निर्देशांकांत आधीच होते, तेही पाहा. सगळेच तिथे सापडत असतील, तर हा खटाटोप कशासाठी, असं बैठकीत सरळ विचारा.

निसटलेले संदर्भ मात्र टाकून देऊ नका. खरी मेख तिथेच असते. मी ग्रंथपाल असताना अशीच तपासणी केली, तेव्हा कारणं अगदीच क्षुल्लक निघाली. एका बाईंचं आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं, म्हणून डेटाबेसच्या लेखी त्या तीन व्यक्ती. एका नियतकालिकाने मध्येच नाव बदललेलं, तर जुन्या नावाचे संदर्भ कुठेच जोडलेले नाहीत. बाईंची बढती अडली होती ती याच आकड्यांवर. संगणक विभागाने ‘किरकोळ त्रुटी’ असा शेरा मारला, तो मला अजून आठवतो. म्हणून लेखकांची आणि नियतकालिकांची नावं एकत्र आणायचं काम कोण करतं, त्याला पगार मिळतो का, हे विचाराच.

नियतकालिकं किती घेतली यापेक्षा किती काढली, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. रशियाच्या निर्देशांकातून २०१७ साली तीनशेहून अधिक नियतकालिकं वगळली गेली. काहींना ती नामुष्की वाटली असेल. मी त्याचे गुण दिले असते. ज्या यादीतून कधीच कोणी बाहेर जात नाही, तिथे खोगीरभरती असणारच. सायटेशनवर बढत्या ठरू लागल्या की ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ही सुरू होतं. दोन नियतकालिकं सतत एकमेकांचेच संदर्भ देत असतील तर ते तक्त्यात लगेच दिसतं.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल, म्हणजे नियतकालिकातल्या एका निबंधाला सरासरी किती संदर्भ मिळाले त्या आकड्याबद्दल, थोडंसंच. त्याचं नेहमीचं गणित मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांवर चालतं. जमिनीचे प्रयोग किती हंगाम चालतात हे मी तुम्हाला सांगायला नको! पाच वर्षांचा हिशेबही मागा.

आणि ते चाळीस निबंध चिठ्ठ्या टाकून निवडा. संचालक ‘नमुन्यादाखल’ यादी देऊ करतील, ती आभार मानून परत करा.