डॉक्टरांना विचारा: जखमेवर चहापूड नको

प्रश्न: डॉक्टर, तवंदी घाटात अपघात झाला की जखमीला जीपमध्ये घालून आम्ही सुटतो. परदेशी डॉक्टरांसोबतच्या संशोधनाचा आम्हाला काय उपयोग? – एक वाचक, निपाणी

उत्तर: अहो, आहे की! लंडनहून चाललेल्या 'क्रॅश-२' चाचणीत ४० देशांतले वीस हजारांवर जखमी होते, भारतातलेही. २०१० आणि २०११ साली निष्कर्ष आले: ट्रानेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध तीन तासांच्या आत दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात. उशिरा दिलं तर उलट धोका. औषध स्वस्त आहे; घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणून थेट बेळगावच गाठायचा हट्ट नको, आधी १०८ ला फोन. तोवर स्वच्छ पंचा जखमेवर घट्ट दाबून धरा, सारखा उचलून बघू नका. आणि चहापूड तर भरूच नका. ती चिमट्याने वेचत बसावं लागतं मला!